मोरया कर

(दांडिया बाजार, सकाळचे साडेसहा. अर्ध्या उघड्या दारातून दिसणारा देव्हारा. पाटावर बसलेल्या आजी, मांडीवर नात.)

ही मुलगी अकरा महिन्यांची आहे. तिला अजून 'आई' म्हणता येत नाही. ती 'मम्म' म्हणते, आणि ते आईलाही चालतं, दुधालाही. पण आजींनी "मोरया कर" म्हटलं, की तिचे दोन्ही हात एकमेकांच्या दिशेनं निघतात. नीट जुळत नाहीत. एका हाताची बोटं दुसऱ्या मनगटावर आपटतात. आजी ते हात सारखे करून देतात, घरातले सगळे हसतात, आणि मुलगी सगळ्यांची तोंडं बघत पुन्हा तेच करते.

भिंतीपलीकडच्या गुजराती घरात एवढ्याच मुलाला "जे जे कर" म्हणतात. तिथंही हात असेच अर्धवट जुळतात.

मी बडोद्यातच वाढले. मलाही कुणीतरी असंच शिकवलं असणार. पण ते मला आठवत नाही, तुम्हालाही आठवत नसेल. चालायला कधी शिकलो ते आठवत नाही, तसंच हे. जे शिकल्याचं आठवत नाही, ते आपल्यात पहिल्यापासून होतंच असं वाटू लागतं. देव असा पहिल्यापासून होता का? की आजीनं हात धरून जुळवले म्हणून आला?

(देव्हाऱ्यातल्या मूर्ती, जवळून. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, टाक.)

मराठीत या दोन बाजूंना दोन शब्द आहेत. एक 'उपजत', दुसरा 'संस्कार'. उपजत म्हणजे जन्मताच आलेलं, संस्कार म्हणजे घरानं घडवलेलं. वाद सोपा वाटतो. पण योगशास्त्र उघडलं की गुंता होतो, कारण तिथं संस्कार म्हणजे चित्तावर राहिलेला ठसा, आणि तो मागच्या जन्मातूनही येतो. म्हणजे संस्कार हाच उपजत! एकच शब्द दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. या माहितीपटाची तयारी करताना मी या शब्दापाशी बरेच दिवस अडले होते, आणि आता मला वाटतं की शब्दानं आपल्याला फसवलेलं नाही. प्रश्नाची घडणच तशी आहे.

(कमाटी बाग. मुलं घसरगुंडीवर. एक मुलगा टोकदार दगड उचलून बघतो.)

लहान मुलांना विचारायचं ठरवलं, तर कसं विचारणार? "देव आहे का?" असं विचारलं तर घरात ऐकलेलं उत्तर मिळेल. म्हणून संशोधकांनी आडवळणानं विचारलं.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलेमन यांनी मुलांना विचारलं, दगड टोकदार का असतात? एक उत्तर होतं, मातीचे कण थरावर थर साचत गेले म्हणून. दुसरं, प्राण्यांना खाज सुटली की अंग घासता यावं म्हणून. सहा-सात-आठ वर्षांच्या मुलांचा ओढा दुसऱ्या उत्तराकडे होता. दगड आहे तर कशासाठी तरी असणार. ढग कशासाठी तरी, नदी कशासाठी तरी. ब्रिटनमधली मुलं अमेरिकेइतक्या धार्मिक वातावरणात वाढत नाहीत, पण तिथंही हाच कल दिसला. 'कशासाठी' हा प्रश्न मुलांना कुणी शिकवत नाही. उलट तो शाळेत हळूहळू बाजूला ठेवायला शिकवावा लागतो.

दुसरा प्रयोग 2001 सालचा, जस्टिन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. बिस्किटांचा खोका, पण आत खडे. मुलाला उघडून दाखवला, पुन्हा बंद केला. आता आई आली आणि तिनं बंद खोका पाहिला, तर आत काय आहे असं तिला वाटेल? तीन वर्षांचं मूल म्हणतं, खडे. त्याला माहीत आहे म्हणजे आईलाही माहीत आहे. पाच वर्षांचं मूल म्हणतं, आईला बिस्किटं वाटतील, ती फसेल. आणि देवाला? देवाला खडे कळतील.

बॅरेट यांनी यातून असं सुचवलं, की सगळं जाणणारा कुणीतरी आहे ही कल्पना मुलांना जड जातच नाही. माणसाला सगळं कळत नाही, हेच मुलांना शिकावं लागतं. हे वाचून मी फार खूश झाले होते. पण 2010 मध्ये जोनाथन लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट तपासलं, तेव्हा मधला एक टप्पा सापडला. आई फसू शकते हे मुलाला नुकतंच उमगतं, त्या वयात ते देवालाही फसवतं. देवालाही बिस्किटंच वाटतील, असं म्हणतं. देवाचं वेगळेपण मुलाला नंतर, मोठ्यांकडून कळतं.

म्हणजे रिकामी जागा मूल घेऊन येतं. तिच्यात कोण बसणार, हे घर ठरवतं. निदान मला या प्रयोगांतून एवढंच दिसतं.

(रिकामी खोली. बंद खिडक्या. आवाज नाही.)

पण घरच नसेल तर?

हा प्रश्न सोळाव्या शतकात अकबर बादशहाला पडला होता. त्याच्या दरबारातला इतिहासकार बदायुनी लिहितो, की सुमारे वीस तान्ही मुलं त्यांच्या आयांना पैसे देऊन घेतली आणि वस्तीपासून दूर एका घरात ठेवली. त्यांच्या कानावर एकही शब्द पडू द्यायचा नाही, असा हुकूम होता. न शिकवता ही मुलं कोणत्या धर्माकडे वळतात, तोंडून कोणता कलमा काढतात, हे पाहायचं होतं. लोकांनी त्या घराला गुंग महल, म्हणजे मुक्यांचा महाल, म्हटलं. तीन-चार वर्षांनी दार उघडलं तेव्हा सगळी मुलं मुकी होती. काही मातीआड गेली होती.

मला ही हकीकत सांगताना दर वेळी थांबावंसं वाटतं. त्या मुलांनी कुठल्याच धर्माचं नाव घेतलं नाही, कारण त्यांना कुठलंच नाव घेता येत नव्हतं. देव काढून घ्यायला गेले, त्याबरोबर माणूसच काढून घेतला गेला. या प्रयोगातून काही सिद्ध झालं असेल, तर एवढंच, की तो करायचा नसतो.

आयुष्यानं मात्र असे प्रयोग आपोआप केले आहेत. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात थिओफिलस डेस्ट्रेला नावाचा मुलगा होता, जन्मापासून बहिरा. शाळेत जाईपर्यंत त्याला कुठलीच भाषा नव्हती. मोठेपणी त्यानं आपल्या त्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या, आणि विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञानं 1892 मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. त्या मुलाला वाटायचं, की डोंगरामागं एक फार मोठा, बळकट माणूस लपलाय. तो सकाळी सूर्याचा पेटता चेंडू वर फेकतो आणि संध्याकाळी झेलतो. चंद्र जिवंत आहे आणि तो आपल्या मागोमाग येतो.

त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगायला शब्द नव्हते. अर्थात या आठवणी त्यानं शब्द आल्यावर लिहिल्या आहेत, आणि शब्द जुन्या आठवणींना आपला रंग देतात. तरीही डोंगरामागचा तो माणूस माझ्या मनातून जात नाही. त्याला नाव नाही, मंदिर नाही, त्याला नैवेद्य लागत नाही. तो फक्त रोज चेंडू झेलतो.

(पुन्हा दांडिया बाजार. अरविंद निवास. पायऱ्या, व्हरांडा, झाडं.)

आता आपल्या बडोद्याकडे. या इमारतीवरून मी लहानपणी हजारदा गेले असेन. 'अरविंद निवास' म्हणजे कुणा मोठ्या साधूंचं घर, एवढंच माहीत होतं. इथं राहिलेला तरुण बडोद्यात आला तेव्हा साधू तर नव्हताच, त्याला देवाबद्दल खात्रीनं काही म्हणायचंही नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

अरविंद घोष यांचे वडील कृष्णधन घोष डॉक्टर होते आणि विलायती वळणाचे होते. 1879 मध्ये त्यांनी सात वर्षांच्या अरविंदला दोन भावांसह मँचेस्टरला एका पाद्र्याच्या घरी ठेवलं, दोन अटींवर. मुलांचा कुठल्याही भारतीयाशी संबंध येता कामा नये, आणि त्यांना कोणत्याही धर्माचं शिक्षण द्यायचं नाही. मोठी झाली की त्यांची ती ठरवतील. विचार करा, "मोरया कर" म्हणणारं एकही माणूस आसपास येऊ द्यायचं नाही, असा तो बंदोबस्त होता. गुंग महलासारखा क्रूर नाही, प्रेमातूनच केलेला. पण बंदोबस्तच.

पाद्र्याच्या आईला तो मानवला नसावा. ती मुलाला एका धर्मसभेला घेऊन गेली. धर्मोपदेशकानं काही प्रश्न विचारले, मुलगा गप्प राहिला, आणि जमलेल्यांनी जाहीर केलं की याचा उद्धार झाला. पुढं स्वतः अरविंदांनीच हा प्रसंग सांगितला आहे. ना त्याला काही कळलं होतं, ना काही वाटलं होतं.

चौदा वर्षांनी, फेब्रुवारी 1893 मध्ये, वीस वर्षांचा हा तरुण बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी मुंबईत अपोलो बंदरावर उतरला. आणि पाऊल ठेवताच आपल्याभोवती एक प्रचंड शांतता पसरली, असं त्यांनी पुढं लिहून ठेवलं. बडोद्यातल्या पहिल्याच वर्षी घोडागाडीला अपघात होता होता राहिला. त्या क्षणी आपल्या आतून कुणी दिव्य, तेजस्वी वर आलं आणि त्यानं सगळं हातात घेतलं, असं त्यांना जाणवलं. मूर्तिपूजेबद्दल त्यांच्या मनात युरोपी शिक्षणातून आलेली नावड होती. नर्मदाकाठी, चांदोदजवळ कर्नाळीला, ते कालीच्या देवळात उभे राहिले, आणि समोर दगड नव्हता. कुणीतरी होतं.

इथं आपल्यापैकी कुणी म्हणेल, बघा, शिकवलं नाही तरी उगवलं! मीही म्हणाले असते. पण मधल्या वर्षांत याच बडोद्यात बसून त्यांनी संस्कृत शिकून घेतलं होतं, उपनिषदं वाचली होती, मराठी-गुजराती आत्मसात केली होती. पाटी आता कोरी नव्हती. सगळं खरं. म्हणून त्यानंतरचा प्रसंग मला जास्त मोलाचा वाटतो.

(जुन्या वाड्याचा लाकडी जिना. वरच्या मजल्यावरची खोली. जाळीतून येणारा उजेड.)

जानेवारी 1908. सुरतची काँग्रेस नुकतीच फुटली होती. अरविंद बडोद्यात आले आणि विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याला भेटले. सरदार मजुमदारांच्या वाड्यात, वरच्या खोलीत, दोघं तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलेली रीत अगदी साधी होती. बसा. विचार करू नका. विचार आपल्यातून उठत नाहीत, बाहेरून आत येतात. येताना दिसले की आत शिरण्याआधी परतवा.

तीन दिवसांत अरविंदांचं मन गप्प झालं. आणि त्या गप्प मनात जे आलं, ते लेल्यांना अपेक्षित नव्हतं. लेले भक्तिमार्गी होते. त्यांना हवा होता सगुण, प्रेम करता येईल असा देव. शिष्याला दिसलं निर्गुण, निराकार ब्रह्म, आणि भोवतीचं जग पडद्यावरच्या चित्रांसारखं पोकळ. अरविंदांनाही ते अपेक्षित नव्हतं. आपल्या तोवरच्या विचारांच्या ते अगदी विरुद्ध होतं, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे.

गुरूनं एक शिकवलं, शिष्याला दुसरंच मिळालं. 'देव फक्त शिकवण्यातून येतो' म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारीन, की हे त्या खोलीत कुणी शिकवलं?

(मांडवी. आषाढी एकादशी. विठ्ठल मंदिरातून निघणारा वरघोडा.)

पण त्या खोलीतून रस्त्यावर आलं, की शिकलेलंच सगळीकडे दिसतं. आषाढीला आपल्याकडे पंढरीची पायी वारी नसते, वरघोडा असतो, म्हणजे देवाची मिरवणूक. पालखीत विठ्ठल. गर्दीतला मराठी माणूस 'पांडुरंग' म्हणतो, गुजराती 'विठ्ठलनाथजी'. एकाला चंद्रभागेचं वाळवंट दिसतं, दुसऱ्याला नंदाचं अंगण. मूर्ती एकच. बडोद्याचे राजे खंडेराव महाराज यांनी मोत्यांनी मढवलेली चादर करवून घेतली, ती मदिनेला प्रेषितांच्या कबरीवर घालायची होती असं सांगतात. फतेगंजकडे ॲल्युमिनियमच्या घुमटाचं दक्षिणामूर्तीचं मंदिर आहे, आम्ही त्याला ई.एम.ई. मंदिर म्हणतो. ते 1966 मध्ये उभारलं ब्रिगेडियर युजीन यांनी, आणि ते ख्रिस्ती होते. सयाजीरावांनी तर 1915 मध्ये पुरोहितांसाठी कायदाच केला. परीक्षा द्या, मगच पूजा सांगा. पूजा ही शिकायचीच गोष्ट आहे, आणि ती नीट शिकली पाहिजे, हे त्यांना स्वच्छ दिसलं होतं.

(कमाटी बाग, दुपार. एक मोठं झाड. कॅमेरा बराच वेळ तिथंच.)

देवाबरोबर आणखी काय काय शिकवलं जातं, तेही याच बागेत पाहावं लागतं.

सप्टेंबर 1917. सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले होते. राहायला जागा कुणी देईना. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले, तर जमावानं काठ्या घेऊन तिथूनही बाहेर काढलं. मग त्यांनी कमाटी बागेतल्या झाडाखाली काही तास काढले.

त्या जमावातला एकही माणूस विटाळ मनात घेऊन जन्मला नव्हता. तो त्याला त्याच वयात दिला गेला होता ज्या वयात हात जुळवायला शिकवतात, आणि बहुधा त्याच हातांनी. कचेरीतले शिपाईसुद्धा बाबासाहेबांच्या टेबलावर फायली दुरून फेकायचे. 'श्रद्धा उपजत आहे' असं म्हणताना आपण हे सगळंही त्या शब्दाखाली खपवतो का, हे मी स्वतःला विचारत राहते. विटाळ शिकवलेला होता, म्हणूनच तो टाकता येतो. आणि धर्म निवडता येतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी निवडला तो धम्म, आणि त्यात सृष्टी निर्माण करणारा ईश्वर नाही.

(स्वयंपाकघर. ओट्यावर झाकून ठेवलेला तांब्या.)

मग देव घरात रुजतो कसा?

माझ्या आजीनं "देव आहे" असं मला एकदाही सांगितलेलं नाही. आठवून पाहिलं, खरंच नाही. ती हरितालिकेला पाणीही प्यायची नाही. भाद्रपदातला बडोद्याचा उकाडा, घशाला कोरड, आणि तरी ती आमच्यासाठी पोळ्या लाटत बसायची. मी तांब्या पुढं केला की मान हलवायची, बस्स. मी सहा-सात वर्षांची असेन. एखाद्या गोष्टीसाठी आजी दिवसभर तहानलेली राहते, ती गोष्ट खोटी कशी असेल?

जोसेफ हेन्रिक या मानववंशशास्त्रज्ञानं 2009 मध्ये हेच शास्त्राच्या भाषेत मांडलं. माणूस बोललेल्यावर नाही, सोसलेल्यावर विश्वास ठेवतो. झ्यूसच्या कथा आजही जगभर वाचल्या जातात, रंगतात, पण त्याला आता जवळजवळ कुणी भजत नाही. कारण त्याच्यासाठी उपाशी राहणारी आजी आता कुणालाच नाही.

आणि तरी घराचा हात कायमचा पुरत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये जुळ्या पुरुषांचा अभ्यास झाला, 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणच्या धार्मिकतेत माणसामाणसांत जो फरक दिसला, त्यात एकत्र मिळालेल्या घराचा वाटा 56 टक्के आणि आनुवंशिकतेचा 12. तिशीत पोचेपर्यंत घराचा वाटा 18 वर आला आणि आनुवंशिकतेचा 44 वर गेला. याचा अर्थ देवाचं जनुक सापडलं असा नाही. घरापासून लांब गेलं की ज्याचा त्याचा पिंड वर येऊ लागतो, असा आहे. माझ्या भावंडांकडे बघून मला हे आकडे पटतात. एकाच देव्हाऱ्यासमोर वाढलो. एक जण रोज अथर्वशीर्ष म्हणतो, एकीनं देव्हारा बांधून माळ्यावर ठेवला आहे. दोघंही मनापासून.

(पावसाळी संध्याकाळ. खिडकी. बाहेर तुळशीवृंदावन.)

शेवटची तीन वर्षं आजीची आठवण जात गेली. आधी शेजाऱ्यांची नावं, मग आमची, मग आजोबा नाहीत हेही. दिवेलागणीला आम्ही आरती म्हणायचो. माझं नाव न आठवणारी आजी टाळ्यांचा ठेका बरोबर धरायची, कडव्यात मी चुकले तर डोळे वटारायची. ऐंशी वर्षं रोज केलेलं ते. शिकलेलं, पण हाडात गेलेलं.

आणि एक दुसरीच गोष्ट परत आली. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना केलेमन यांच्या प्रश्नांसारखेच प्रश्न विचारून 2007 मध्ये अभ्यास झाला होता. पाऊस का पडतो? तर झाडांना, प्राण्यांना पाणी मिळावं म्हणून, हे उत्तर त्यांना पुन्हा पटू लागलं होतं. शाळेनं वर घातलेला थर निघाला की खालचा लहान मुलाचा प्रश्न तसाच असतो. मी हे वाचलं ते आजी गेल्यावर.

आजी सातवी शिकलेली होती. ढग, वाफ, वारे, सगळं तिनंच मला पहिलीत समजावलं होतं. त्या संध्याकाळी पहिला पाऊस आला तेव्हा ती खिडकीशी बसली होती. मी म्हटलं, "आजी, पाऊस आला गं." ती म्हणाली, "येणारच. तुळस तहानलेली होती ना."

मग तिनं हात जोडले. नीट जुळले नाहीत. एका हाताची बोटं दुसऱ्या मनगटावर राहिली. मी ती सारखी करून दिली.